विश्लेषण : काइटसर्फिंगसाठी कॅम्पर व्हॅन तारिफाकडे का धावतात?

छतावर फळ्या, मागच्या कप्प्यात घड्या घातलेले पतंग आणि आत तीन-चार मित्र. अशा कॅम्पर व्हॅन दर उन्हाळ्यात युरोपभरातून स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफा गावाकडे निघतात. सहल मजेची असली तरी तिचे वेळापत्रक वारा ठरवतो. शेकडो किलोमीटर गाडी चालवून आल्यावरही पाण्यात न उतरण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि अनेकांना तोच जड जातो.

काइटसर्फिंग म्हणजे काय?

पायाखाली फळी, कमरेला हार्नेस आणि त्याला साधारण २० ते २५ मीटर लांबीच्या दोरांनी जोडलेला मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग माणसाला पाण्यावरून पळवतो. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवेने फुगवता येणाऱ्या आणि पाण्यात पडल्यावरही पुन्हा उडवता येणाऱ्या पतंगाचे पेटंट नोंदवले. हा खेळ जगभर पसरायला मात्र नव्वदच्या दशकाची अखेर उजाडली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच्या शर्यतींचा प्रथमच समावेश झाला. त्या मार्सेच्या समुद्रात झाल्या.

तारिफाच का?

भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर यांना जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी इथे जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने मधून जाणारा वारा नरसाळ्यातून गेल्यासारखा वेग घेतो. त्याची दोन रूपे आहेत : पूर्वेचा ‘लेवांते’ आणि पश्चिमेचा ‘पोनिएंते’. स्पॅनिशमध्ये या शब्दांचे मूळ अर्थ उगवता आणि मावळता असे आहेत. पोनिएंते समुद्राकडून येतो आणि तुलनेने स्थिर असतो. लेवांते जोरकस व झटके देणारा असतो, कधी कधी अनेक दिवस थांबतच नाही. शिवाय तारिफाच्या अटलांटिककडील किनाऱ्यांवर तो बऱ्याच ठिकाणी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो.

ही दिशा धोक्याची का?

शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे आठवावेत. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात पतंग पडला, तरी माणूस किनाऱ्याकडे ढकलला जातो. जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्यात तोच माणूस खोल समुद्राकडे ओढला जातो. तारिफापुढचा समुद्र तर मोठ्या जहाजांचा वाहता रस्ता आहे. म्हणून सुटकेसाठी बोट तयार नसेल, तर अशा वाऱ्यात उतरू नये, हा या खेळातला पहिला धडा मानला जातो.

व्हॅन आणि मित्र कशासाठी?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे एकच पतंग पुरत नाही. हलक्या वाऱ्याला १२ चौरस मीटरचा, तर जोरदार वाऱ्याला ७ चौरस मीटरचा लागतो. हे सामान, ओले सूट आणि मुक्काम एकाच गाडीत मावतो. एका किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा प्रतिकूल असेल तर दुसरा गाठता येतो. मित्रांची गरज केवळ खर्च वाटून घेण्यापुरती नसते. पतंग सोडताना आणि उतरवताना तो धरायला कोणीतरी लागते. एकाने किनाऱ्यावर थांबून पाण्यातल्यांवर नजर ठेवली, तर अडचणीच्या वेळी मदत लवकर मागवता येते.

रात्री गाडी कुठेही लावता येते का?

नाही. स्पेनच्या वाहतूक नियमांत गाडी ‘उभी करणे’ आणि ‘तळ ठोकणे’ यांत फरक आहे. परवानगी असलेल्या जागी फक्त चाके जमिनीला टेकलेली असतील, छत्री किंवा खुर्च्या बाहेर मांडलेल्या नसतील आणि सांडपाणी सोडले जात नसेल, तर आत कोणी झोपले तरी ती उभी केलेलीच मानली जाते. समुद्रकिनाऱ्यावर मात्र किनारपट्टी कायद्यानुसार वाहने लावण्यास आणि तळ ठोकण्यास मनाई आहे. परिसराचा मोठा भाग संरक्षित नैसर्गिक उद्यानात येत असल्याने दंडाची शक्यता राहतेच. अधिकृत कॅम्पिंगची जागा आधी ठरवलेली बरी.

वारा प्रतिकूल असेल तर?

जवळच बोलोनियाला रोमन काळातील बाएलो क्लाउदिया नगराचे अवशेष आणि वाळूची प्रचंड टेकडी आहे. तारिफाहून मोरोक्कोतील टँजियरला फेरीने साधारण तासाभरात जाता येते. मात्र भारतीय पासपोर्टधारकांना मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा नसेल, तर स्पेनमध्ये परतणे अडते.

चार दिवसांची सुट्टी, वाटून भरलेले डिझेल आणि ‘इतक्या लांब आलोय तर’ हा हट्ट एकत्र आला की चुकीच्या वाऱ्यातही पतंग फुगवले जातात. त्यामुळे निघण्यापूर्वीच मित्रांनी एक नियम ठरवून घेणे बरे : चौघांपैकी एकजण जरी ‘आज नको’ म्हणाला, तरी त्या दिवशी कोणीच उतरायचे नाही.