जुन्या जीपचे सैल स्टेअरिंग

बैलगाडी हाकणारा कासऱ्याला जरा ओढ देतो आणि बैल वळतात. कासरा सैल सुटला तर काय होते? आपण ओढतो, पण बैलाला ते उशिरा कळते. तोवर गाडी चाकोरी सोडून जाते. जुन्या मोटारीचेही असेच होते. आपण स्टेअरिंग फिरवतो, पण चाके लगेच वळत नाहीत. मग एकदम वळतात. ड्रायव्हर पुन्हा उलटे फिरवतो. गाडी रस्ताभर डुलत चालते. याला आपल्याकडे ‘स्टेअरिंगला प्ले आला’ असे म्हणतात.

जीपगाडी आपल्या ओळखीची आहे. १९४७ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडू लागले. पुढे त्या येथेच तयार होऊ लागल्या. त्या जातीच्या काही जुन्या जीपा आणि मागे हौदा असलेल्या पिकअप आजही रस्त्यावर दिसतात. गाडी दणकट, यात शंका नाही. पण लोखंड झिजतेच. हौद्यात भाजी आणि माणसे भरली आहेत, घाटाचे वळण आहे, समोरून एस.टी. येते आहे, अशा वेळी दोन बोटांचा प्ले जीव घेऊ शकतो.

आधी ही रचना समजून घेऊ. स्टेअरिंगचा दांडा खाली एका लोखंडी पेटीत जातो. तिला स्टेअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीतून एक हात बाहेर येतो. तो एक लांब दांडी ढकलतो आणि ओढतो. ही ड्रॅग लिंक. ती गाडीच्या मध्यावर असलेल्या एका जाड तुकड्याला जोडलेली असते. हा तुकडा एका पिनेवर फिरतो. त्याला बेल क्रँक म्हणतात. त्याच्यापासून दोन दांड्या दोन चाकांकडे जातात. ते टायरॉड.

आता सांधे मोजा. ड्रॅग लिंकला दोन, दोन टायरॉडना चार. असे सहा गोळीचे सांधे झाले. मधली पिन सातवी. प्रत्येक ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी ढिलाई आली, तरी सगळी मिळून ती वर ड्रायव्हरच्या हातात केवढी होते बघा! म्हणून एकच दोषी भाग शोधत बसू नये. बहुधा दोषी पुष्कळ असतात.

गाडी डुलायला लागली की मालक म्हणतो, “मिस्त्री, बॉक्सवरचा तो स्क्रू जरा आवळा की.” शहाणा मिस्त्री म्हणतो, “थांबा मालक. आधी खाली बघू द्या. स्क्रू शेवटी.” आम्हाला हा दुसरा माणूस बरोबर वाटतो. स्क्रू आवळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. पण झिजलेले सांधे तसेच राहतात. वर बॉक्स घट्ट होऊन स्टेअरिंग अडकू लागते. सैल स्टेअरिंग वाईट, पण वळणावर अडकणारे त्याहून वाईट.

पहिले काम फुकटचे आहे. टायरमधली हवा बघा. पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी हवी, आणि गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढी हवी. एका बाजूला कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. टायर एका कडेने घासला आहे का, तेही बघा. हौद्याच्या अगदी मागे फार ओझे घातले, तरी पुढची चाके हलकी होतात आणि गाडी रस्ता धरत नाही. त्याला मिस्त्री काय करणार?

आता दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एकाने वर बसून स्टेअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा बघावा. नुसते बघू नये. सांध्यावर हात ठेवावा, बोटे चिमटणार नाहीत अशा बेताने. एक दांडी हलते आणि तिला जोडलेली दुसरी उशिरा हलते, असे जिथे होते तिथे झीज आहे. डोळ्याला दिसत नाही ते हाताला टक्‌ करून कळते.

या जीपमध्ये बेल क्रँककडे विशेष लक्ष द्यावे. तो खाली उघड्यावर असतो. चिखल, धूळ, ओढ्याचे पाणी, सगळे त्याच्यावर उडते. ग्रीस वेळेवर मिळाले नाही की पिन आणि बेअरिंग खलास. तो तुकडा वरखाली डुगडुगत असेल तर पिन-बेअरिंग नवे घालावे. गोळीचा सांधा झिजला असेल तर तोही नवाच घालावा. जुना ठोकून बसवणे, दांडीला वेल्डिंग मारणे, हे प्रकार स्टेअरिंगच्या बाबतीत मुळीच चालू देऊ नयेत. नवा सांधा बसवला की नटाच्या भोकात स्प्लिट पिन घातली का, ते आपल्या डोळ्यांनी बघा. बैलगाडीच्या आसाची खीळ निघाली तर चाक निघते. इथेही तसेच.

मग पुढचे एक चाक जॅकवर उचला आणि आसाखाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. एक हात चाकाच्या वर, एक हात खाली, असे धरून चाक हलवा. खडखडते का? मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंगपिनमध्ये प्ले आहे. किंगपिनच्या टोपणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्यांना शिम म्हणतात. बेअरिंग चांगले असेल तर शिम कमी करून प्ले काढता येतो. बेअरिंगला खड्डे पडले असतील तर मात्र ते बदलावेच लागते.

पाट्यांकडेही बघा. पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट ढिले असतील, किंवा शॅकलचे बुश गेले असतील, तर अख्खा आसच पुढेमागे सरकतो. मग वरचे सगळे ठीक असूनही गाडी डुलते. बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी धरलेला आहे, तेही पान्याने आवळून बघावेत.

एवढे झाल्यावर बॉक्सची पाळी. पुढची चाके सरळ ठेवायची, ड्रॅग लिंक सोडायची, चेकनट ढिला करून स्क्रू हळूहळू आवळायचा. स्टेअरिंग मधोमध असताना किंचित जड लागले की पुरे. चाके वळलेली असताना स्क्रू आवळू नये. बॉक्स मध्यावर मुद्दाम घट्ट घडवलेला असतो, त्यामुळे कडेला नीट बसवलेला स्क्रू मध्यावर येताच अडकतो. आवळून झाल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघावे. कुठेच अडकता कामा नये. टोकांना अडकले, तर आतला मधला भाग फार झिजला आहे. पेटी उघडावी लागेल. तेल गळते म्हणून काहीजण पेटीत ग्रीस भरतात. ते करू नये. ग्रीस एकदा बाजूला सरले की परत जागेवर येत नाही. दाते कोरडे पडतात.

राहिले चाकांचे माप. पुढच्या दोन चाकांची पुढली बाजू मागल्या बाजूपेक्षा किंचित जवळ असते. या जीपमध्ये हा फरक फार थोडा, एक ते अडीच मिलिमीटर. टायरॉड बदलले की हे माप बिघडते, म्हणून ते पुन्हा जुळवून घ्यावेच. शिवाय किंगपिन वरच्या टोकाला जरा मागे झुकलेली असते, सुमारे तीन अंश. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते ना? तीच युक्ती इथे आहे. पाटे बसले किंवा कोणी मनाने जास्तीचे पाटे घातले, तर हा झुकाव बदलतो.

काम झाल्यावर रिकाम्या गाडीने सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश फेरी मारावी. वळण घेऊन हात जरा ढिला करावा, पण स्टेअरिंग सोडू नये. चाके आपोआप सरळ येतात का, बघावे. हातात बोटभर हालचाल राहिली तर जुन्या गाडीत ते चालते. दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत आणि मगच गाडीत माल भरावा.