कोलोरॅडोच्या घरचा चुकलेला हिशोब

दिवाळीचा बोनस हातात आला, त्या महिन्याची मिळकत धरून एखादीनं वर्षभराचा खर्च बसवला, तर आपण तिला काय म्हणू? मुलांच्या फिया, वाण्याचं बिल, नणंदेचा आहेर, सगळं त्या फुगलेल्या आकड्यावर ठरवून बाई मोकळी! पुढच्याच महिन्यापासून उसनवारी. भगिनींनो, अगदी हाच प्रकार अमेरिकेसारख्या हिशोबी देशानं एका अख्ख्या नदीच्या बाबतीत केला. शंभर वर्षं उलटली, तरी निस्तरणं संपलेलं नाही.

नदीचं नाव कोलोरॅडो. रॉकी पर्वतावरचं बर्फ वितळून ती निघते आणि सुमारे २,३३० किलोमीटर वाहते. त्यातला बराचसा प्रवास रखरखीत वाळवंटातला. जवळजवळ चार कोटी माणसांना ती पाणी पुरवते. फिनिक्स, लास व्हेगास, लॉस एंजेलिस ही नावं आपल्याला परकी नाहीत. आपल्याकडची कितीतरी मुलं-सुना तिथं नांदताहेत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाला थोडंफार तरी याच नदीचं पाणी येतं.

१९२२ साली सात राज्यांनी या पाण्याची वाटणी केली. माप एकर-फुटाचं, म्हणजे एक एकर जमिनीवर फूटभर उंच साठेल एवढं पाणी. नदीला वर्षाकाठी १ कोटी ६० लाख एकर-फुटांहून जास्त पाणी येतं असं धरलं. वरच्या राज्यांना ७५ लाख दिले, खालच्यांना ७५ लाख. पुढं १९४४ साली मेक्सिकोला १५ लाख कबूल केले. पण ज्या वर्षांच्या मोजणीवरून हा आकडा काढला, ती वर्षंच भरपूर पाण्याची होती. बोनसचा महिना! ला रू नावाच्या सरकारी जलतज्ज्ञानं त्याच काळात सावध केलं होतं, की नदीत एवढं पाणी नाही. पण घरात लग्न ठरल्यावर शिलकीची आठवण करून देणाऱ्याचं कोण ऐकतं? १९७६ साली संशोधकांनी जुन्या झाडांच्या खोडांतली वलयं तपासली आणि ला रूचं म्हणणं खरं ठरलं. या शतकात तर नदीची सरासरी मिळकत सव्वा कोटीच्या आसपास आली आहे. उन्हाळे तापले, बर्फ लवकर वितळू लागलं, तहानलेली जमीनच आधी पिऊ लागली.

मग इतकी वर्षं भागलं कसं? तर धरणांमुळे. १९३५ साली हूवर धरण झालं, १९६३ साली ग्लेन कॅन्यन. रांजण भरलेला दिसला की आपण विहिरीकडे बघत नाही, तसं झालं. कागदावरचे हक्कदारही बरीच वर्षं आपला वाटा पुरता उचलत नव्हते. आणखी एक कमाल ऐका. उन्हानं धरणातलं पाणी वाफ होऊन जातं, ते खालच्या राज्यांच्या वाट्यातून कुणी वजाच केलं नव्हतं. दूध आटतं हे चहा करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं! २०२२ च्या जुलैत हूवर धरणामागचं लेक मीड जेमतेम २७ टक्के भरलेलं होतं. बोअरच्या पाण्याच्या बादलीला कडेनं क्षारांचा पांढरा थर बसतो ना, तसा पट्टा तिथल्या कड्यांवर उघडा पडला.

हे पाणी जातं कुठं? आपल्याला वाटतं, लास व्हेगासच्या कारंज्यांत. तसं नाही. त्या शहराच्या घराघरांतलं सांडपाणी शुद्ध होऊन परत तळ्यात जातं. हिरवळ उपटायला तिथं पैसे देतात, आणि नुसत्या शोभेच्या हिरवळीला नदीचं पाणी २०२७ पासून बंद करणारा कायदा २०२१ साली झाला. खरा वापर शेतीचा, माणसांच्या एकूण वापराचा सुमारे तीन चतुर्थांश. त्यातही मोठा वाटा गुरांच्या चाऱ्याचा, म्हणजे लसूणघास वगैरेचा. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिथला कायदा बघा. नळावर जिची घागर आधी, तिचं पाणी आधी, मागच्या कोरड्या राहिल्या तरी. शिवाय हक्काचं पाणी वापरलं नाही, तर हक्क जाण्याची धास्ती. मग काटकसर करील कोण?

आणि काही जणींची घागर तर रांगेत धरलीच नव्हती. १९२२ च्या बैठकीला नदीकाठच्या मूळ रहिवासी जमातींना बोलावलंच नाही. नवाहो लोकांच्या मुलखाच्या कडेनं ही नदी वाहते. तरी तिथल्या सुमारे एक तृतीयांश घरांत आजही नळ नाही. पिंपं गाडीत घालून मैलोन्‌मैल जायचं, भरून आणायची, त्यातच स्वयंपाक, आंघोळी, धुणी. हे अमेरिकेत, बरं का! १८६८ च्या तहावर बोट ठेवून ते कोर्टात गेले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलायचं बंधन त्या तहानं सरकारवर घातलेलं नाही.

शेवटच्या टोकाला मेक्सिको. पूर्वी नदी समुद्राला मिळायची तिथं कित्येक दशकं बहुधा वाळूच असते. २०१४ च्या वसंतात दोन्ही देशांनी ठरवून आठ आठवडे पाणी सोडलं. सान लुईस गावची माणसं कोरड्या पात्रात उतरून वाट बघत उभी राहिली. पाणी आलं तशी पोरंबाळं त्यात नाचली; गावच्या नावातच कोलोरॅडो नदी, पण त्यातल्या कितीतरी पोरांनी ती वाहताना प्रथमच पाहिली. मे महिन्यात ते पाणी समुद्रापर्यंत पोचलं. मग दारं बंद झाली, आणि पात्रात पुन्हा वाळू दिसू लागली.