बापाची कविता आणि लेकाची शाळा

माळेगाव बुद्रुकच्या आमच्या वस्तीत थोरली बहीण एक अंगाई म्हणायची. गरीब आई पडक्या घरात लेकराला निजवते आहे. उंदीर दाणा शोधत फिरतात आणि काही न मिळता निराश होतात. उसाच्या खुरपणीवरून आलेली आमची आई ते ऐकून म्हणायची, 'या बाईचं घर आपल्यागतच हाय की गं!' ही अंगाई कवी दत्तांची, हे आम्हाला पुढे कायदा शिकताना कळले.

दत्त म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे. जन्म १८७५ चा. १८९९ साली, पंचविशीही न गाठता ते गेले. मुलगा विठ्ठल तेव्हा चार वर्षांचा. बापाचा चेहरा तरी त्याला नीट आठवत असेल का? पण याच मुलाने १९२२ साली 'दत्तांची कविता' हे पुस्तक काढले आणि बाप महाराष्ट्राच्या स्वाधीन केला. तेच वि. द. घाटे. रविकिरण मंडळात ते होते, १९५३ च्या अहमदाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 'दिवस असे होते' हे आत्मचरित्र लिहिले. १९७८ साली वारले. आमच्या लेखी मात्र घाटे म्हणजे शिक्षणखात्यातला माणूस. आचार्य अत्र्यांबरोबर त्यांनी 'नवयुग वाचनमाला' केली. मुलाला आवडेल अशी मराठी शाळेच्या पुस्तकात यावी, ही त्यामागची तळमळ. अंगाई लिहिणाऱ्याच्या पोराने हे काम हाती घ्यावे, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

आता वकिलाच्या सवयीने थोडी उलटतपासणी. अंगाईतले पडके घर ज्यांचे, त्यांची लेकरे तेव्हा वर्गात कुठे बसत होती? मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते, आणि अस्पृश्य मुलांच्या शाळेचा प्रश्न त्या समितीपुढे होता. पुस्तक देखणे, पण आमचे पोर ओसरीवर! घाट्यांना आम्ही दोष देत नाही. खाते काही एका माणसाचे नसते. पण पुस्तक सुधारणे वेगळे आणि वर्गाचे दार उघडणे वेगळे. दुसरे काम आमच्या बापजाद्यांना लढूनच करावे लागले.

तरीही घाट्यांकडून एक गोष्ट आम्ही घेतो. बापाची कविता त्यांनी पेटीत कुजू दिली नाही. दत्तांचे पुस्तक आले त्याच १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला वामनदादा कर्डक जन्मले. वामनदादांची गाणी लोकांनी ओठांवर आणि वह्यांत जपली. गावोगावच्या साध्या जलसेवाल्यांच्या नशिबी ते आले नाही. लेक शिकून साहेब झाले, वह्या माळ्यावर गेल्या. आमच्याच भावकीतल्या एका गायकाची वही गेल्या पावसाळ्यात सापडली, अर्धी वाळवीने खाल्लेली. उरलेली ११ गाणी आमच्या ज्युनिअरने टाईप केली आहेत. एका गाण्यातल्या दोन ओळी लागत नाहीत. त्या इंदापूरच्या आत्याला पाठ आहेत म्हणतात. रविवारी तिकडे जायचे आहे.