थकलेलं यकृत, मेंदूत साचणारा धातू

अन्नातलं जादा मँगनीज आणि तांबं पित्तावाटे बाहेर टाकणं हे यकृताचं काम. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होतं तेव्हा, ते अडतं. शिवाय आतड्याकडचं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं. मग मँगनीज मेंदूत खोलवरच्या ‘ग्लोबस पॅलिडस’ भागात साचतं, एमआरआयच्या टी-1 चित्रात दोन्ही बाजूंना पांढरं चमकतं. चाल मंदावते, हात थरथरतात, अंग ताठरतं. घरचे वयाला नाहीतर दारूला दोष देऊन मोकळे होतात, हे फार वाईट. यकृताचं प्रत्यारोपण यशस्वी झालं की ती चमक हळूहळू ओसरते.

विल्सन आजारात तांबं साचतं, दोष जन्मजात. शाळकरी पोराचं अक्षर बिघडलं, बोलणं अडखळू लागलं, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं, तर तांब्याची तपासणी हवीच. औषधं आहेत, ती आयुष्यभर घ्यावी लागतात.

तांबं भांड्यांतूनही पोटात जाऊ शकतं. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या घरांत नाशिकच्या भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी आजही सापडतील. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी तान्ह्या मुलांच्या सिरॉसिसचा संबंध अशा भांड्यांत तापवलेल्या दुधाशी जोडला. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात बाळाचं दूध तापवू नका.