आमचे वाचनाचे गट

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला कसे शिकवतात ते मी या लेखात सांगणार आहे. आमच्या शाळेत ही मुले गटात बसून वाचतात. एका गटात पाच नाहीतर सहाच मुले असतात.

गट कशाला? सगळा वर्ग मिळून धडा म्हणतो तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला वाटते, सगळ्या पोरांना वाचता येतंय. पण तसे नसते. काही मुले शेजारच्याचे ऐकून मागोमाग म्हणतात. काहींना धडा तोंडपाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर. त्यांना मधलाच एक शब्द विचारला की गप्प बसतात. तीस जणांच्या आवाजात गुरुजींना एकट्याचा आवाज ओळखू येत नाही. पाच जणांत लगेच येतो.

गट करताना गुरुजी एकेकाला जवळ बोलावून थोडे वाचून घेतात. कुणाला नुसती अक्षरे येतात, कुणाला शब्द, कुणाला वाक्य, तर कुणाला आख्खी गोष्ट. ज्यांना सारखे येते ते एका गटात. म्हणून पहिलीतली मुलगी दुसरीतल्या मुलांबरोबरही बसते. यात लाज वाटायचे कारण नाही, कारण गट कायमचे नसतात. थोड्या दिवसांनी गुरुजी पुन्हा वाचून घेतात आणि गट बदलतात. कच्चा-पक्का असे कुणी म्हणत नाही. गटांची नावे मोगरा, झेंडू, जास्वंद अशी आहेत.

गटाला पुस्तक बेताचे द्यावे लागते. पानावर एक-दोन शब्द अडले तर चालते. प्रत्येक शब्दाला अडले तर गोष्ट कळतच नाही.

मुले सतरंजीवर गोल बसतात. प्रत्येक जण आपापले हळू आवाजात वाचतो. गुरुजी एकेकाजवळ जाऊन कान देऊन ऐकतात. तेवढ्या वेळात बाकीचे गट पाटीवर शब्द लिहितात, शब्दांच्या पट्ट्या जुळवतात. त्यांच्याकडे आम्ही चौथीची मुले लक्ष देतो.

अडायच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. घ आणि ध, भ आणि म सारखे दिसतात. ख ला काही जण र-व वाचतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, पण तिचा आवाज नंतर येतो. ‘सूर्य’ मधला रफार य च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा य च्या आधी. कोणी अडले की आम्ही लगेच शब्द सांगत नाही. मनात पाचपर्यंत आकडे मोजतो. मग विचारतो, पहिले अक्षर कोणते? त्याला काना आहे की मात्रा? नुसते चित्र बघून सांगू देत नाही. चित्रात गाय असते आणि लिहिलेले असते वासरू! शेवटी गोष्टीत काय झाले ते ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगायचे. समजले तरच वाचले.

आमच्या गावातली काही माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. मग काहीच कळेना म्हणून ती मुले शाळेत यायचेच टाळतात. गटात मात्र मूल जिथे थांबले तिथून पुढे वाचायला लागते. म्हणून मला गट फार महत्त्वाचे वाटतात.

गुरुजींनी आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची माहिती सांगितली. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी या गावी लहान मुलांना शिकवण्याचे काम सुरू केले. अनुताई त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. मग त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल जिथे आहे तिथे शिकवणाऱ्याने जायचे. आमच्या गटातही तसेच करतात.

पालकांनो, तुम्हाला एक विनंती आहे. रोज दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐका. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी चालेल. आई भाकरी थापताना ऐकू शकते, आजोबा खाटेवर पडून ऐकू शकतात. मूल अडले तर हसू नका आणि ‘एवढा मोठा झालास तरी येत नाही?’ असे म्हणू नका. थोडे थांबा. मग, ‘पुढं काय झालं रे?’ एवढेच विचारा. पुढचे सांगायचे म्हणून ते आपोआप वाचील.

एवढे सांगून मी माझा लेख संपवते.

– इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी