शिदोरी बांधावी घड्याळ पाहून

सहलीचा दिवस मुक्रर झाला की ठिकाण, वाहन आणि सोबती यांची चर्चा घटकाभरात आटोपते. डब्यांची चर्चा मात्र आदल्या रात्रीपर्यंत रंगते. प्रत्येक घराची आवड निराळी, प्रत्येक सुगरणीचा हातखंडा निराळा. या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही, तो म्हणजे आपण जेवणार किती वाजता? आमच्या मते शिदोरीचा खरा विचार याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.

1892 मध्ये वसविण्यात आलेले बेंगळुरूचे चामराजपेट हे सहलीला निघण्यास मोठे सोयीचे ठिकाण. मैसूर रस्ता पेठेला लागूनच जातो. त्या रस्त्याने केंगेरी ओलांडून रामोहळ्ळीच्या बाजूला वळले की सुमारे तीन एकरांवर पसरलेला 'दोड्ड आलद मर', म्हणजे थोरला वटवृक्ष, लागतो. त्याचे वय चारशे वर्षांच्या आसपास सांगतात. मूळ खोड रोगाने केव्हाच गेले. आता पारंब्यांचीच खोडे झाली आहेत. ज्यांना उंचीची हौस आहे ते साठेक किलोमीटरवरील नंदी टेकड्यांची वाट धरतात. अंतरे अशी बेताचीच असल्याने लोक निर्धास्त असतात. शिवाय बेंगळुरूची हवा थंड, तेव्हा अन्नाला काय होणार, असाही एक समज आहे. तो धोक्याचा आहे. बाहेर हवा कितीही सुखद असली तरी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीची डिकी तापतेच.

हिशोब करून पाहा. पहाटे पाचला भात शिजला, सातला मंडळी निघाली, फिरून-खेळून दुपारी एकला डबे उघडले. म्हणजे तो भात आठ तासांचा झाला. शिजलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात दोन तासांहून अधिक राहू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भाताची गोष्ट तर विशेषच. तांदळात सापडणाऱ्या 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, कोमट भातात पुन्हा वाढीस लागतात, आणि उलट्या घडविणारे त्यांचे विष नंतर भात गरम केला तरी नाहीसे होत नाही. धडधाकट माणूस यातून एका दिवसात सावरेल. पण सोबत आजोबा असतील किंवा दोन वर्षांचे नातवंड असेल तर तीच गोष्ट इस्पितळापर्यंत जाऊ शकते.

आपल्या पूर्वजांना जिवाणूंची नावे ठाऊक नव्हती, परंतु टिकण्याचे शास्त्र त्यांच्या हातात होते. दशमी पाहा. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजविण्यामागे सोवळ्याचा विचार होता हे खरे. पण भाजून कोरडी झालेली ती पोळी लसणीच्या कोरड्या चटणीबरोबर दिवसभर निर्धोक राहते. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस साजरी होते, तेव्हा भज्जी आणि उंड्यांबरोबर आंबिलीचा माठ शेतात जातो. ज्वारीच्या पिठाची ती ताकातली आंबील आंबट असते, आणि आंबटपणात बहुतेक जिवाणूंची डाळ शिजत नाही. पुळियोगरेतील चिंच आणि तेल हेच काम करतात.

दहीबुत्तीचे तर नावच बोलके आहे. कन्नडमध्ये 'बुत्ती' म्हणजे प्रवासात बांधून नेलेले अन्न, शिदोरी. तो शब्द मराठी घरांत इतका रुळला की दहीभात म्हणजेच दहीबुत्ती झाली. ती करताना पुष्कळ जण भातात दूध घालून वर चमचाभर दही घालतात, म्हणजे वाटेत विरजते आणि जेवणाच्या वेळी आंबट होत नाही. युक्ती रुचकर आहे; पण विरजेपर्यंतचा काळ हा बिन-आंबट ओल्या भाताचाच असतो. आम्ही सुचवू ते असे: भात परातीत पसरून लवकर निववावा, त्यात चांगले लागलेले, किंचित आंबट दहीच मिसळावे आणि डबा बर्फाच्या पेटीत ठेवावा. वाफाळता भात झाकण लावून बांधणे सर्वांत वाईट.

आता क्रम. ओले आणि मऊ ते आधी. इडल्या न्यायच्या तर त्या न्याहारीलाच संपवाव्यात, आणि त्यांच्यासोबत ओल्या नारळाची चटणी नेऊ नये. सकाळी वाटलेली ही चटणी शिदोरीत सर्वांआधी उतरते. चटणीपुडी आणि तेल इडल्यांना चोळून नेले की काम भागते. काकडी-गाजरे अखंड न्यावीत. कोशिंबिरीची चिराचिरी आणि मीठ घालणे झाडाखाली बसूनच करावे, त्यासाठी सुरी आठवणीने घ्यावी. दुपारसाठी दशम्या, धपाटे, चटणी, लोणचे. संध्याकाळच्या चहाला भाजके शेंगदाणे आणि गूळ. कार्तिकातील वनभोजनाला शेंगा हव्यातच, कारण शेवटच्या सोमवारी शेजारच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा, 'कडलेकायी परिषे', भरते. रसम नेण्याचा हट्ट धरणारे एखादे काका शाखेच्या प्रत्येक सहलीत असतातच. त्यांनी थर्मासची जबाबदारी स्वतः घ्यावी.

पाणी माणशी दोन लिटर पिण्याचे आणि हात धुण्यासाठी निराळा कॅन. हाताच्या स्वच्छतेवाचून वरील सारी खबरदारी वाया जाते. ताटांसाठी कृष्णराजेंद्र मार्केटातून केळीची पाने किंवा पत्रावळी आणाव्यात. प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर कर्नाटकात 2016 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. डबे कडीचे असावेत. वडाखाली आणि नंदीवर माकडे आहेत, आणि पिशवीच्या सळसळीचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक आहे. त्यांना खाऊ घालण्याचे पुण्य पदरी पाडून घेऊ नये; त्यामुळेच ती पुढच्या मुलाच्या हातावर झडप घालतात.

कार्तिकात येथे ईशान्य मोसमी पावसाची सर केव्हाही येते, म्हणून सतरंजीखाली घालण्यास ताडपत्री हवी. ज्येष्ठांच्या नेहमीच्या गोळ्या दिवसभराच्या हिशोबाने आणि क्षारसंजीवनीची पाकिटे वेगळ्या पिशवीत असावीत. पाकिटे विसरलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा छोटा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे.

परतल्यावर काही ना काही उरतेच. दशम्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खुशाल खाव्यात. डब्याच्या तळाशी राहिलेला भात मात्र फोडणी देऊन वाचविण्याचा मोह टाळावा.