बाळ दूध ओढत नाही, म्हणजे आईला दूध नाही?

जामखेड तालुक्यातलं खर्डा असो की मुंबई, कमी दिवसांचं बाळ पेटीतून बाहेर आलं की घरात हमखास ऐकू येतं, 'बाळ ओढत नाही, हिला दूधच नाही.' मग बाटली येते. खरं कारण बहुतेकदा वेगळंच असतं.

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एका लयीत करणं बाळाला साधारण 34व्या आठवड्याच्या आसपास जमू लागतं. तोपर्यंत आईचंच दूध आधी नळीने, मग वाटी-चमच्याने देतात.

या काळात आईने काय करायचं?

बाळंतपणानंतर लवकरात लवकर, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा हाताने दूध काढायचं. काढलं तरच ते येत राहतं. सुरुवातीचा थेंबभर चीकही मोलाचा. डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला उघड्या छातीशी धरायचं, म्हणजेच कांगारू मदर केअर. दूध काढून झाल्यावर बाळाला अंगावर लावलं की ओढण्याचा सराव होतो.

तरीही दूध कमी पडलं तर? काही मोठ्या रुग्णालयांत दुग्धपेढी असते. आशियातली पहिली पेढी 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली.

घरी आल्यावर आधी अंगावर, मग वाटी-चमचा. वजन वाढेल तसा डॉक्टरांच्या सल्ल्याने चमचा कमी करायचा. आशाताई घरी येतील तेव्हा अडचण मोकळेपणाने सांगा. बाळ निळसर किंवा थंड पडलं, दूध घेईनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठा.